प्लेग, ट्रस्ट आणि चाळ : मुंबई कोणासाठी सुधारली?

१/
प्लेग म्हटले की महाराष्ट्राला पुणे आठवते. २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि चापेकर बंधू. मुंबईच्या प्लेगला असा एकच ठसठशीत प्रसंग लाभला नाही, म्हणून त्याची कथा फारशी सांगितली जात नाही. परंतु आजच्या मुंबईतील सरळ रुंद रस्ते, बीआयटी चाळी, दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि वरळीच्या बीडीडी चाळी या सर्वांची मुळे त्याच साथीपर्यंत पोहोचतात. हा थ्रेड त्या चाळीस वर्षांविषयी.

२/
सप्टेंबर १८९६. गोदीलगतचा मांडवी भाग. धान्याची कोठारे, अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेल्या इमारती आणि उंदीर. येथील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही गाठीच्या प्लेगची साथ असल्याचे ओळखले. व्हिएगस हे नुसते डॉक्टर नव्हते, ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सदस्यही होते. त्यामुळे शहरात प्लेग आल्याची वार्ता दवाखान्यातून थेट कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीत पोहोचली.

३/
त्यानंतरच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांतील माणसे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरे फोडून निर्जंतुक करणे, छपरे उघडणे, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे हे सर्व सुरू झाले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढण्याची सवय लागलेले शहर दहा वर्षांत आक्रसले होते.

४/
व्यापार थांबला, परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहण्यास सुरुवात केली. सरकार खडबडून जागे झाले. प्रश्न असा होता : प्लेग येतो कशामुळे? तत्कालीन अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले होते. घाण, दमट अंधार आणि कोंदट हवा. रोग घरात राहतो, असे मानले गेले. मग उपायही ओघानेच आला : रोगट घरे पाडा, शहरात समुद्राचा वारा येऊ द्या.

५/
परंतु हे काम करणार कोण? मुंबईत निवडणुकीने येणारे कॉर्पोरेशन आधीपासून होते. १८८८ च्या कायद्यानुसार त्याचे ७२ सदस्य असत. त्यांतील ३६ जण वॉर्डांतून निवडून येत. मात्र मताधिकार ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यांपुरताच होता. त्यामुळे निवडून येणाऱ्यांत घरमालकांचा आणि त्यांच्या हितसंबंधीयांचा भरणा मोठा असे. चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या भाडेकऱ्याला तेथे मत नव्हते, मग प्रतिनिधी कोठून असणार?

६/
सरकारचा कयास असा, की घरमालकांचे हे मंडळ स्वतःचीच घरे पाडण्याचा ठराव करणार नाही. या कयासात तथ्य होते. म्हणून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या काळात कॉर्पोरेशनला वळसा घालून नवी संस्था उभी करण्यात आली : बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. कायदा १८९८ चा. नमुना होता स्कॉटलंडमधील ग्लासगोचा, जेथे १८६६ मध्ये जुन्या वस्त्या पाडण्यासाठी असाच ट्रस्ट स्थापन झाला होता.

७/
ट्रस्टचे विश्वस्त चौदा. त्यांतील कॉर्पोरेशनने निवडलेले फक्त चार. उर्वरित जागा सरकारी अधिकारी, सरकारने नेमलेले सदस्य आणि चेंबर ऑफ कॉमर्स, गिरणीमालक संघ, पोर्ट ट्रस्ट यांच्या प्रतिनिधींकडे. पैशाचा एक वाटा मात्र कॉर्पोरेशनने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून द्यायचा. पैसा शहराचा आणि निर्णय इतरांचा, ही व्यवस्था फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या नेत्यांना रुचली नाही. स्थानिक स्वराज्यावर हे आक्रमण आहे, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता.

८/
येथे क्षणभर थांबायला हवे. एका बाजूला लोकनियुक्त संस्था, पण ती मालकांच्या प्रभावाखाली. दुसऱ्या बाजूला गरिबांचे आरोग्य सुधारू पाहणारी संस्था, पण ती सरकारनियुक्त. दोघांच्या भांडणात खरा मुद्दा बाजूला राहिला. ज्यांची घरे पाडायची होती, ते दोन्हीकडे गैरहजर होते. पुढील चाळीस वर्षांत जे घडले, त्यातील बरेच काही या गैरहजेरीतून घडले.

९/
एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ट्रस्टचा कायदा झाला त्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, आणि त्याच मुंबई इलाख्यातील कराचीत फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असा निष्कर्ष काढला. तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तोवर कोंदट हवेच्या सिद्धान्तावर आधारलेला ट्रस्ट कामाला लागलेला होता. सिद्धान्त मागे पडला, पण त्याच्या आधारे आखलेले नकाशे बदलले नाहीत.

१०/
पहिली योजना नागपाड्याची. साथीने पोखरलेला दाट वस्तीचा भाग पाडून तेथे नवे रस्ते आणि चाळी आखल्या गेल्या. मग प्रिन्सेस स्ट्रीट : क्वीन्स रोडकडून पूर्वेला, म्हणजे समुद्राचा वारा जुन्या शहराच्या पोटात शिरावा अशा बेताने कापलेला रस्ता. मग गिरगाव चौपाटीपासून पूर्वेकडील दाट वस्तीपर्यंत जाणारा सँडहर्स्ट रोड. आज प्रिन्सेस स्ट्रीट हा शामळदास गांधी मार्ग आहे आणि सँडहर्स्ट रोड हा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग.

११/
रस्ता म्हणजे नुसती डांबराची पट्टी नव्हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीनही ट्रस्ट ताब्यात घेई. रस्ता झाला की तिची किंमत वाढे. मग ते दर्शनी भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जात आणि त्या उत्पन्नातून योजनेचा खर्च भागवण्याचा प्रयत्न होई. हिशेब चोख होता. पण महागड्या भूखंडावर उभी राहणारी दुकाने आणि सदनिका, तेथून उठवलेल्या हमालाला किंवा गिरणी कामगाराला परवडणार कशा?

१२/
ती माणसे गेली कोठे? बहुतेक जण शेजारच्या गल्लीत. काम गोदीत, बाजारात किंवा गिरणीत, आणि तेही पायी जाण्याच्या अंतरावर राहूनच मिळणारे. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी उभे राहणाऱ्या माणसाला दूर राहायला जाणे शक्यच नव्हते. एक खोली पाडली की तिच्यातील कुटुंब पलीकडच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून शिरे. ज्या दाटीला रोगाचे कारण मानून पाडकाम झाले, ती दाटी पाडकामामुळेच शेजारी वाढत गेली.

१३/
घरमालकांनी यात आपला फायदा शोधला. नुकसानभरपाई ठरवताना इमारतीपासून मिळणारे भाडे पाहिले जाई. म्हणजे खोलीत जितकी माणसे जास्त, तितके भाडे जास्त आणि तितकी भरपाईही जास्त. योजनेची कुणकुण लागताच आणखी भाडेकरू कोंबणे हा व्यवहारच ठरला. सर्वांत वाईट घराच्या मालकाला सर्वांत चांगला मोबदला, अशी ही विपरीत व्यवस्था होती.

१४/
ही विसंगती ट्रस्टच्याच एका अधिकाऱ्याने नेमकी हेरली. जे. पी. ऑर १९०९ पासून ट्रस्टचे अध्यक्ष होते. शहराच्या पोटात एकामागून एक वस्त्या पाडत बसणे महाग आहे आणि निष्फळही, हे त्यांच्या ध्यानात आले. थेट हल्ल्याऐवजी त्यांनी आडवळणाचा मार्ग सुचवला : शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखाव्यात, म्हणजे मधली दाटी आपोआप विरळ होईल.

१५/
ऑर यांचे आणखी एक नाव निघते ते साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमामुळे. खोलीत पुरेसा उजेड आणि वारा यायचा असेल तर समोरची इमारत एका ठराविक कोनाच्या रेषेच्या वर जाऊ नये, असा हा नियम. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडायची. कोंदट हवेचा सिद्धान्त प्लेगच्या बाबतीत चुकला होता, पण अंधाऱ्या खोलीत क्षय फोफावतो ही भीती खोटी नव्हती.

१६/
ट्रस्टने चाळीही बांधल्या. नागपाडा, आग्रीपाडा, मांडवी-कोळीवाडा, परळ. ‘बीआयटी चाळ’ या नावातील बीआयटी म्हणजे हाच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, सामाईक नळ आणि संडास. खासगी चाळींच्या तुलनेत बांधकाम भक्कम आणि हवा खेळती. पण पाडकामाचा वेग बांधकामाला गाठता आला नाही. पाडायला कामगारांची एक टोळी आणि काही आठवडे पुरतात. बांधायला कर्ज, निविदा आणि वर्षे लागतात.

१७/
शहराबाहेरची योजना म्हणजे दादर-माटुंगा. भाताची खाचरे आणि पाणथळ जमीन भरून रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, बागा आणि मोजून मापून आखलेले भूखंड. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड मिळवले. ती दादर पारसी कॉलनी. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी. माटुंग्यात दक्षिण भारतातून आलेल्या नोकरदारांची वस्ती. मुंबईतील ‘कॉलनी’ नावाची जीवनपद्धती येथे घडली.

१८/
मात्र ज्या दाट वस्तीला विरळ करण्यासाठी ही योजना होती, तेथील माणूस येथे आला नाही. आले ते कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी. त्यांनाही घरांची गरज होती, यात शंका नाही. पण प्लेगच्या नावाने सुरू झालेल्या कामाचा सर्वांत सुंदर भाग अशा लोकांच्या वाट्याला आला, ज्यांची घरे प्लेगच्या नावाने पाडली गेली नव्हती.

१९/
या दोन्ही टोकांना जोडणारे एक आयुष्य आहे. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मधील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत भीमराव आंबेडकर यांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन परतलेला माणूस, बॅरिस्टर, प्राध्यापक, पण घर याच चाळीत. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही कुटुंब येथेच होते. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते ‘राजगृहा’त राहायला गेले. राजगृह हिंदू कॉलनीत आहे, म्हणजे ट्रस्टनेच आखलेल्या दादर योजनेत.

२०/
परळची चाळ ते दादरची कॉलनी हे अंतर पायी तासाभराचेही नाही. बाबासाहेबांना ते पार करायला वीस वर्षे लागली, तीही असामान्य कर्तृत्वाच्या बळावर. त्या व्हरांड्यात राहणाऱ्या इतर कुटुंबांपैकी कितीजण ते पार करू शकले असतील, याचा विचार केला की ट्रस्टच्या नकाशावरील योजनांमध्ये किती मोठी सामाजिक दरी होती हे उमगते.

२१/
दरम्यान पहिले महायुद्ध आले. बांधकाम मंदावले, गिरण्या मात्र तेजीत. माणसे येत राहिली, भाडी भडकली. १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७५,९१४ झाली. त्याच वर्षी शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे शहरातील जन्मांची नोंद कमी होई आणि हा आकडा फुगे, हे खरे. तरीही तो वाचून अंगावर काटा येतो.

२२/
गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी आता ट्रस्टपेक्षाही मोठी झेप घ्यायचे ठरवले. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा. जोडीला बॅकबेचा समुद्र भरण्याचा अवाढव्य प्रकल्प. यावेळी कॉर्पोरेशनच काय, ट्रस्टदेखील बाजूला राहिला. सूत्रे थेट सरकारी खात्याकडे गेली.

२३/
पन्नास हजारांपैकी प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी, प्रत्येकी ८० खोल्यांच्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम प्रबलित काँक्रीटचे, त्या काळात नवलाईचे. शंभर वर्षे उभे राहील असे बांधले आणि खरोखरच उभे राहिले.

२४/
पण खोल्या भरेनात. वरळी तेव्हा आडबाजूला होती. बाजार नाही, दुकाने नाहीत, रात्री परतीची वाट सुनसान. काँक्रीटच्या खोल्या अंधाऱ्या आणि राखाडी. गावाकडचे नातेवाईक जेथे राहतात, मुकादम जेथे भेटतो, वाणी जेथे उधार देतो ती जुनी आळी सोडून कामगार येईना. घर म्हणजे चार भिंती एवढेच खात्याने मोजले होते. उधारी आणि ओळखपाळख ही कामगाराच्या लेखी घराचाच भाग होती, आणि तिला नकाशात रकाना नव्हता.

२५/
शहरात माणसे खोलीसाठी तडफडत असताना सरकारच्या हजारो खोल्या ओस पडल्या. बॅकबेचा खर्च हाताबाहेर गेला. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर इतकी कठोर टीका केली की हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या रिकाम्या चाळी सरकारला वेगळ्याच कामी आल्या : तेथे सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला.

२६/
मग बदल कशाने झाला? हळूहळू, मताधिकाराने. १९२२ मध्ये कॉर्पोरेशनचा मताधिकार दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकऱ्यापर्यंत आला. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे सहसा याहून कमी असे. म्हणजे खोली स्वस्त म्हणून मत नाही! तरीही दार किलकिले झाले. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला आणि त्याच्या चाळी, रस्ते, भूखंड लोकनियुक्त संस्थेकडे आले. १९४८ मध्ये कॉर्पोरेशनची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकाराने झाली.

२७/
मुंबईचा नमुना मात्र देशभर पसरला होता. कोलकात्यात १९११ च्या कायद्याने आणि दिल्लीत १९३७ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आले. याला वेगळा विचार सुचवणाराही एक माणूस होता. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडीस. त्यांचे म्हणणे असे, की वस्ती सरसकट पाडू नका. आधी तिच्यातून पायी फिरा, एखादे पडके घर काढून चौक मोकळा करा, विहीर आणि झाड राखा. ते ऐकले गेले थोडे.

२८/
ट्रस्टला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्याने बांधलेले रस्ते आजही शहर वाहतात, त्याच्या चाळींनी हजारो कुटुंबांना छप्पर दिले. अधिकारी आळशी नव्हते, ऑरसारखे काही तर स्वतःच्या संस्थेची चूक उघडपणे मांडणारे होते. उणीव होती ती माहितीची. मांडवीचा हमाल सकाळी किती वाजता फाटकावर जातो, त्याची बायको पाणी कोठून भरते, हे सांगणारा एकही माणूस त्या चौदा जणांत नव्हता.

२९/
आज बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, जागच्या जागी, असे या पुनर्विकासाचे सूत्र आहे. रहिवाशाला दुसरीकडे न घालवता तेथेच घर देणे, हा १८९८ च्या तुलनेत फार मोठा फरक आहे आणि तो मतदार भाडेकऱ्यांनी लढून मिळवलेला आहे. देखभालीचा खर्च, व्हरांड्यातील शेजार आणि लिफ्टमधील एकाकीपण यांचे हिशेब मात्र त्यांना यापुढे मांडावे लागतील.

३०/
कधी सवड झाली तर परळच्या बीआयटी चाळीपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत चालत जा. वाटेत नायगावच्या बीडीडी चाळींकडे वळा. प्रत्येक इमारतीशी एकच प्रश्न विचारा : हा निर्णय झाला तेव्हा येथे राहणारा माणूस बैठकीत होता का? आपल्या गावातील, आपल्या वॉर्डातील पुढच्या ‘सुधारणा योजने’लाही हाच प्रश्न विचारता येतो. तो विचारायचा अधिकार मिळायला मुंबईच्या भाडेकऱ्याला प्लेगनंतर पन्नास वर्षे थांबावे लागले होते.

(समाप्त)